बुटका बाटली

टॅबताई लोकांचे माउस जप्त करायची. तुम्ही मोठ्या हौसेने तयार केलेलं वेबपान तिला दाखवायला गेलात की ती आधी खुर्ची ओढून शेजारी बसायची, शांतपणे तुमच्या हाताखालचा माउस काढून घ्यायची, तो उलटा करून बंद करायची आणि आपल्या ड्रॉवरमध्ये टाकून ड्रॉवर ढकलायची. "उंदीर पिंजऱ्यात. आता चालव," म्हणायची. मग कीबोर्डवरचं फक्त टॅबचं बटण दाबत, एका रकान्यातून दुसऱ्यात उड्या मारत, ते पान तिच्यासमोर वापरून दाखवायचं. बहुतेकांचं पान दुसऱ्या-तिसऱ्या उडीलाच गटांगळ्या खायचं. ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना दिसत नाही, ज्यांना एकाच बोटाने सगळं करावं लागतं, त्यांचं काय होत असेल हे तुम्हाला तिथल्या तिथे कळायचं. नाहीच कळलं तर माउस संध्याकाळपर्यंत आतच राहायचा.

इंग्लंडात, लंडनजवळ मेडनहेडला आमची कंपनी होती. दुसऱ्यांच्या वेबसाइटी करून देणारी, कॉफीचं यंत्र महागडं आणि खुर्च्या मोडक्या अशी. पुण्याहून मी तिथे रुजू झालो तेव्हा बेताची अक्कल आणि भरपूर गुर्मी घेऊन आलो होतो. पहिल्याच आठवड्यात माझा माउस पिंजऱ्यात गेला. ऑफिस तिला 'टॅब' म्हणायचं. ती मराठी आहे आणि माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी आहे हे कळल्यावर मी पुढे 'ताई' जोडलं.

"ताई म्हणजे ओल्ड लेडी ना?" तिने संशयाने विचारलं.

"मोठी बहीण."

"ओके. पण तुम्ही म्हणू नकोस. मी तुझा बॉस नाही आहे."

तिचा जन्म इथलाच, हॅरोच्या बाजूचा. वडील सांगलीहून इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून आले आणि इथेच राहिले. तिचं मराठी घरातल्या चार भिंतींत वाढलेलं होतं, त्यामुळे त्यात वस्तूंची लिंगं मनाला येतील तशी फिरत असत. बटण तुटली, पेज मेला, माउस रडते. माझ्यासारख्या पुणेकराला हे ऐकून गप्प बसणं कसं जमणार? मी दर वेळी दुरुस्ती करायचो.

"ताई, बटण तुटलं. ते बटण."

"तुटलं ना? मग आधी नीट कर. नंतर मराठी शिकव."

बटणावरून तिचं डोकं फार फिरायचं. हल्लीची पोरं बटण म्हणून जे रंगीत चौकोन ठेवतात, ते पुष्कळदा बटण नसतंच. नुसतं चित्र असतं. माउसने टिचकी मारली तर चालतं, कीबोर्डने गेलात तर तिथे काही आहे याचा पत्ताच लागत नाही, आणि पान वाचून दाखवणारा आवाज तर त्यावरून सरळ पुढे निघून जातो. "हे बटण नाही आहे, बटणाचा सोंग आहे," ती म्हणायची. सोंग नपुंसकलिंगी आहे हे सांगायचं धाडस मी तेव्हा करत नसे. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं लिहिणाऱ्यांवरही तिचा दात होता. मेडनहेडला ऊन पडलं की बाकीचे लोक आइस्क्रीम आणायला धावायचे आणि ही हातात फोन घेऊन कार पार्कमध्ये. तिथे उन्हात उभी राहून ती आमची पानं उघडायची आणि जे वाचता येत नसेल त्याच्या नावाने तिथूनच शंख करायची.

वेबसाइट उघडली की आधी जी खिडकी अंगावर येते, कुकीज घ्या, नाव नोंदवा, ऑफर बघा म्हणणारी, तिला टॅबताईने 'अभिमन्यू' असं नाव दिलं होतं. टॅबचं बटण दाबत आत शिरता येतं, बाहेर पडता येत नाही. लहानपणी आईकडून ऐकलेल्या गोष्टीतून तिने हा शब्द उचलला आणि तो ऑफिसात इतका रुळला की अस्सल यॉर्कशरचे लोकही तक्रारीत लिहायचे, "होमपेजवर आणखी एक अ‍ॅबी सापडला." महाभारताची एवढी सेवा त्या गावात दुसऱ्या कुणी केली नसेल.

ती गोड नव्हती, हेही सांगून टाकतो. मेल्यावर किंवा गेल्यावर माणसं एकदम प्रेमळ होतात, तसं मला तिचं करायचं नाही. एका डिझायनर मुलीला तिने भर मीटिंगमध्ये रडवलं आणि नंतर माफीही मागितली नाही. स्वतःखेरीज कुणासाठी तिने कधी चहा केला नाही. माझं एक सुरेख हलणारं चित्र तिने "कुणाला चक्कर येईल" म्हणून काढायला लावलं, आणि ते चित्र निरुपद्रवी होतं असं मी आजही छातीठोकपणे सांगेन. पण तिच्या चिडण्यामागे एक स्वयंपाकघर होतं, आणि ते मी पाहिलेलं आहे.

ते स्टॅनमोरला होतं. तिची आई तिथे एकटी राहायची. वडील गेलेले, थोरला भाऊ एडिनबराला मोठा डॉक्टर. काकूंना काचबिंदू होता. एक डोळा जवळजवळ गेलेला, दुसऱ्याने समोरचं तेवढं धूसर दिसायचं. अक्षरं वाचायचा प्रश्नच नव्हता. इंग्रजी त्यांना येत होतं, शेजारणीशी आणि दुकानात चालायचं, पण यंत्राच्या आवाजातलं झपाझप इंग्रजी कानात शिरेपर्यंत वाक्य संपलेलं असायचं. भावाचं मत होतं की आईला आता होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात ठेवावं. काकूंचं मत होतं की ज्या घरात आपण चाळीस वर्षं फोडणी घातली त्या घरातून आपल्याला कुणी हलवू नये. टॅबताई दोघांच्या मध्ये उभी होती, आणि आईची बाजू जिंकायची असेल तर एकच गोष्ट सिद्ध करायला हवी होती: आई डोळ्यांत थेंब वेळच्या वेळी आणि बरोबर बाटलीतले घालू शकते. एवढं जमलं तर घर राहणार होतं.

त्याच सुमाराला डोळ्यांच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेची वेबसाइट आमच्याकडे आली. तिच्यात एक पान होतं, 'माझे थेंब'. तुम्ही आपल्या बाटल्या आणि वेळा त्यात भरायच्या. मग बटण दाबलं की फोनचा किंवा टॅब्लेटचा आवाज तुमच्या भाषेत कोणता थेंब केव्हा घालायचा ते वाचून दाखवणार. बऱ्याच भाषा होत्या, मराठी नव्हती. टॅबताईने संस्थेशी भांडून ती घालायला लावली, आणि भाषांतर कुणी करायचं म्हटल्यावर काकूंनाच कामाला लावलं. काकू तोंडी सांगायच्या, मी टाइप करायचो. "पापणी ओढा नको, हलकेच खाली घ्या लिही. ओढा काय, गाय आहे का ती?" अशी आमची शिकवणी चाले, वर गरम साबुदाण्याची खिचडी मिळे.

इथे धंद्यातली एक बारीक गोष्ट सांगायला हवी. पानावर मराठी नुसती उमटवून भागत नाही. मागे, न दिसणाऱ्या जागी, हा मजकूर अमुक भाषेत आहे अशी दोन अक्षरांची खूण लिहावी लागते. ती वाचून आवाज ठरवतो की आता मराठी बोलायचं. टॅबताईने मोठ्या रुबाबात तिथे एम-एच लिहिलं. सांगलीच्या मामाच्या गाडीवर तिने लहानपणी ती अक्षरं पाहिली होती, महाराष्ट्राची म्हणून. पान सुरू केलं तर टॅब्लेट गप्प. बराच वेळ डोकं फोडल्यावर तिला कळलं की एम-एच ही पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांच्या भाषेची खूण आहे. मराठीची खूण एम-आर.

"मी आईला मार्शल आयलंडला पाठवलं," ती सगळ्या ऑफिसला ओरडून सांगत होती. "एम-एच! गाडीचा नंबर प्लेट लावला मी आईला!" स्वतःची चूकही ती दुसऱ्याची असल्यासारखी झोडपायची.

एम-आर लिहिलं आणि टॅब्लेट बोलू लागला. काकूंकडे तेव्हा दोन बाटल्या होत्या, एक उंच आणि एक ठेंगणी. टॅबताईने वेळापत्रक स्वतः मराठीत भरलं. मी समोरच बसलो होतो. काकूंनी बोटाने चाचपून बटण दाबलं आणि आवाज अगदी ठाशीवपणे म्हणाला, "रात्री 10 वाजता. बुटका बाटली. दोन्ही डोळ्यांत 1 थेंब."

काकू इतक्या हसल्या की त्यांना ओट्याला धरावं लागलं. मी लगेच दुरुस्तीला सरसावलो, तर त्यांनी माझा हात धरला. "राहू दे रे मंदार. बुटकी म्हणालं असतं तर मला वाटलं असतं कुणी परकी बाई बोलतेय. बुटका बाटली म्हणजे आमची लेक."

त्यानंतर पुष्कळ दिवस त्या घरात रोज रात्री बुटका बाटली होत राहिली. थेंब चुकले नाहीत. एडिनबराचे फोन कमी झाले.

आता ऑलिव्हरकडे येतो. ऑलिव्हर आमचा साहेब. हा माणूस कधीही आवाज चढवत नसे, आणि मला आजही वाटतं की चढवता तर बरं झालं असतं, निदान आपल्याला काय होतंय ते कळलं असतं. प्रत्येक गोष्ट त्याच्या लेखी 'लव्हली' होती. टॅबताईने एखादी चूक दाखवली की तो म्हणायचा, "लव्हली पॉइंट, आपण तो सध्या पार्क करू." म्हणजे बासनात.

"कुठे पार्क?" ती विचारायची. "तुझा कार पार्क फुल आहे, ऑलिव्हर."

मग कंपनीने एक तयार वस्तू विकत घेतली. कोडची एक ओळ वेबसाइटला चिकटवायची, की पानाच्या कोपऱ्यात एक निळा माणूस हात पसरून उभा राहतो. त्याला दाबलं की अक्षरं मोठी होतात, रंग बदलतात आणि विकणाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे आंधळे, थरथरते, सगळे एका झटक्यात सुखी होतात. सोंगाची बटणं सोंगच राहतात, अभिमन्यू आतच मरतो, पण कोपऱ्यात निळा माणूस हसत असतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्याच महिन्यात पानं आपोआप लिहून देणारं एआयचं यंत्रही आलं. आपण इंग्रजीत हुकूम सोडायचा, ते क्षणात पान उभं करतं. दिसायला नवरीसारखं, टॅब दाबला की जागच्या जागी मटकन बसणारं. ज्यांनी आयुष्यात एकदाही माउस सोडून पान वापरलं नाही अशा माणसांच्या कोडवर ते यंत्र शिकलेलं, मग ते दुसरं काय लिहिणार?

हे दोन्ही आल्यावर ऑलिव्हरने टॅबताईला बोलावलं आणि अतिशय हळुवारपणे सांगितलं की तिची जागा आता रिडन्डंट झाली आहे. इथे माणसाला काढत नाहीत, जागा काढतात. माणूस फक्त त्या जागेवर बसलेला असतो. चर्चेचे रीतसर कागद झाले, पाणी विचारलं गेलं, टिश्यूचा डबा टेबलावर आधीपासूनच ठेवलेला होता. टॅबताईने त्या डब्याला हात लावला नाही.

"आमच्या कामात रिडन्डंट कशाला म्हणतात माहीत आहे?" तिने ऑलिव्हरला विचारल्याचं तिने मला नंतर सांगितलं. "जे डिलीट केलं तरी काही मोडत नाही ते. ठीक आहे. डिलीट करा. बघा काही मोडते का."

जायच्या दिवशी तिने ड्रॉवर उघडला. आत कुणी परत न नेलेले बरेच माउस होते, काहींचे मालक तर केव्हाच नोकरी सोडून गेलेले. ते सगळे तिने टेबलावर ओळीने मांडले आणि निघून गेली. केक आणला होता, तो तिच्याशिवाय कापला गेला, आणि ऑलिव्हरने तिच्याबद्दल 'पॅशनेट' हा शब्द वापरला. इंग्रजांच्या ऑफिसात एखाद्याला डोकेदुखी म्हणायचं असेल तर पॅशनेट म्हणतात.

मी तेव्हा दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या कामावर होतो. डोळ्यांच्या संस्थेचं पान टॉमकडे गेलं. टॉम भला माणूस आहे, त्याच्याबद्दल मला वाईट बोलता येत नाही. संस्थेने त्याला एक काम दिलं होतं: फॉर्ममध्ये माणसाला मिस्टर की मिसेस हे विचारणं बंद करा, कुणाला तो प्रश्न नकोसा असतो. चांगली मागणी होती, सहृदय होती. टॉमने सगळ्या कोडमध्ये 'एम-आर' शोधलं आणि जिथे सापडलं तिथून काढून टाकलं. इंग्रज माणसाला त्या दोन अक्षरांत मिस्टरच दिसणार. फॉर्मातला मिस्टर गेला आणि त्याच फटक्यात मराठीही गेली.

आपोआप तपासणारं यंत्र म्हणालं, सगळं हिरवं आहे. कारण त्या पानावर भाषेची खूण होतीच, वरची, सगळ्या वेबसाइटची. इंग्रजी. यंत्राला काय कळणार की खालचा मजकूर इंग्रजी नाही? ते ज्या बाईला कळलं असतं तिला आम्ही टिश्यूचा डबा दाखवला होता. निळा माणूस कोपऱ्यात हसत होता.

रविवारी दुपारी टॅबताईचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही. "ऐक," एवढंच म्हणाली, आणि तिने फोन कशाच्या तरी जवळ धरला. एक इंग्रज बाई अत्यंत शांत आवाजात म्हणत होती, "एट. वन. टेन. वन." थोडं थांबून पुन्हा, "एट. वन. टेन. वन."

मी माझ्या लॅपटॉपवर ते पान उघडलं. पडद्यावर मराठी मजकूर जसाच्या तसा होता, सुबक, एकही काना-मात्रा हललेली नाही. डोळस माणसाला त्यात खोट सापडली नसती. इंग्रजी आवाजाला मात्र देवनागरी वाचता येत नव्हती. तो ती सगळी गाळून फक्त आकडे वाचत होता. आठ वाजता एक. दहा वाजता एक. कशातला, कुठल्या डोळ्यात, ते सगळं गाळलेलं.

"किती दिवस?" मी विचारलं.

"माहीत नाही. ती सांगत नाही. हॉस्पिटलनी गेल्या महिन्यात बाटली बदललेत. उंच बाटली बंद, एक नवीन चालू. मी लगेच भरलं होतं, मंदार. मी तिथे उभी राहून ऐकलं होतं."

त्यानंतर पान मुकं झालं होतं. बाटल्या नव्या, वेळा नव्या, आणि सांगणारं कुणी नाही. काकूंनी ताकास तूर लागू दिली नाही. टॅब्लेट बिघडला असेल असं त्यांना वाटलं. बिघडला म्हणून सांगावं तर लेकीची नोकरी नुकतीच गेलेली, ती आधीच वैतागलेली, आणि एडिनबराला कळलं की घर गेलंच. म्हणून त्या अंदाजाने थेंब घालत राहिल्या. लेक रोज फोनवर विचारायची, "थेंब घातले?" त्या म्हणायच्या, "घातले." खोटं काही नव्हतं. फक्त नव्या बाटलीऐवजी बंद केलेल्या बाटलीतले घातले. शनिवारी लेक यायची तेव्हा ती आपल्या हाताने घालायची, त्यामुळे शनिवारी टॅब्लेटला कुणी विचारतच नसे. हॉस्पिटलच्या तपासणीत डोळ्याचा दाब भलताच वाढलेला निघाला तेव्हा हे उघडकीला आलं.

राहिलेल्या डोळ्यातलं धूसर दिसणं गेलं. डॉक्टरांना टॅबताईने सरळ विचारलं की हे थेंब चुकल्यामुळे झालं का. ते म्हणाले, सांगता येणार नाही, आजार तसाही वाढतच असतो. या उत्तराने तिला जेवढं भाजलं तेवढं 'हो'ने भाजलं नसतं. कुणाची मानगूट धरायची हेही त्या उत्तराने काढून घेतलं.

मी सोमवारी एम-आर परत लिहिलं. मिनिटाचंही काम नव्हतं. टॉमला दाखवलं तर तो पांढराफटक पडला. "मला वाटलं मिस्टर आहे," एवढंच म्हणत राहिला. त्याच्यावर मी चिडू शकलो नाही. त्याने विचारलं असतं, पण ज्या टेबलाशी जाऊन विचारायचं ते टेबल रिकामं होतं, आणि ते कुणी रिकामं केलं ते मला माहीत होतं.

त्या प्रकाराची मीटिंग झाली. दोष कुणाला द्यायचा नाही, शिकायचं, असं ऑलिव्हरने सुरुवातीलाच सांगितलं. दोष द्यायचा नाही हे नेहमी तोच माणूस सांगतो ज्याच्याकडे तो येणार असतो. शेवटी तो म्हणाला, "आपल्याला माहीत असलेला वापरणारा एकच आहे. खरं म्हणजे ही एज केस आहे."

एज केस म्हणजे काठावरचं, अपवादातलं प्रकरण. मी म्हटलं, ती बाई कुठल्याही काठावर नव्हती, ती स्टॅनमोरमध्ये स्वतःच्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी होती, हातात बाटली घेऊन, आणि तुझं पान तिला एट, वन म्हणत होतं. हे मी इंग्रजीत म्हटलं, आवाज चढवून म्हटलं, आणि सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच काहीतरी अभद्र केलंय. ऑलिव्हर म्हणाला, मला समजतंय की तू याबद्दल पॅशनेट आहेस. त्या आठवड्यात मी दुसरीकडे अर्ज करायला लागलो.

एडिनबराचा भाऊ आला, तोही वाईट माणूस नाही. घर विकायला लागलं. काकू होममध्ये गेल्या. टॅबताईने वेबचं काम सोडलं ते कायमचंच. मी किती सांगितलं की अशा माणसांची गरज आहे, दोन-तीन ठिकाणी नावही सुचवलं. "गरज आहे ना? मग त्यांनी ठेवायचा होता," म्हणाली. आता ती एका कौन्सिलच्या लायब्ररीत बसते आणि म्हाताऱ्या लोकांना त्यांचे फॉर्म भरून देते. माझ्यासारखे लोक ते फॉर्म त्यांना स्वतः भरता येणार नाहीत असे करून ठेवतात म्हणून तिला ती नोकरी आहे, हे तिने मला ऐकवलेलं आहे.

गेल्या महिन्यात मी तिच्याबरोबर काकूंना भेटायला गेलो. होम स्वच्छ होतं, वास चांगला होता, माणसं मायाळू होती, आणि तरीही मला तिथली प्रत्येक खुर्ची उचलून फेकावीशी वाटत होती. काकू खिडकीशी बसल्या होत्या. थेंब आता नर्स घालतात, ठरल्या वेळी, चूक होत नाही. टॅब्लेट मात्र त्यांच्या मांडीवर होता. बोलता बोलता त्यांनी बटण चाचपून दाबलं.

"रात्री 10 वाजता. बुटका बाटली. दोन्ही डोळ्यांत 1 थेंब."

"ऐकलंस?" काकू मला म्हणाल्या. "अजून चुकतेच आहे."

"आई, आता ते कशाला लावते?" टॅबताई म्हणाली. "नर्स घालते ना थेंब."

"थेंबांसाठी कोण लावतंय," काकू म्हणाल्या. टॅबताई उठून खिडकीचा पडदा सारखा करत बसली. तो आधीच सारखा होता.

हे सगळं झालं, पण त्या दिवसातली माझ्या डोक्यात बसलेली गोष्ट त्याच्या आधीची, दारातली. होमच्या दाराशी एक टचस्क्रीन आहे. आत जाण्याआधी त्यावर नाव भरायचं, मग ती चिकटवायचा बिल्ला छापून देते. हीही कुणीतरी यंत्राकडून करून घेतलेली असणार, कारण नावाआधी ती हटकून विचारते: मिस्टर, मिसेस की मिस. न सांगता पुढे जाता येत नाही. टॅबताईने एक क्षणही न थांबता मिस्टर निवडलं. बिल्ला बाहेर आला, तिने तो छातीवर लावला. मागे काउंटरवरची बाई मान तिरकी करून प्रेमाने म्हणाली, "तुम्ही दर वेळी चुकीचं दाबता, लव्ह. ते मिस्टर आहे."

"नाही," टॅबताई म्हणाली. "ते मराठी आहे."

त्या बाईला काही कळलं नाही. मी माझं नाव भरलं, माझाही बिल्ला आला, आणि छातीवर एम-आर लावून आम्ही दोघे आत गेलो.